नाव, स्थान आणि लोप : जुन्या सैनिकी रायफलींच्या सुट्या भागांची ओळख

जुन्या सैनिकी शस्त्रांच्या अभ्यासात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. एखाद्या पेटीत पोलादाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा सापडतो. त्याला एक आखूड दांडी असते, दांडीच्या काही भागावर खोल व अतिशय तिरके आटे पाडलेले असतात आणि दुसऱ्या टोकाला अंगठा टेकविण्यासाठी रेघा पाडलेले चपटे पाते असते. हा तुकडा कशाचा? संग्राहक, सूचिकार आणि शस्त्रेतिहासकार या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बहुधा दोन मार्ग अवलंबितात. पहिला मार्ग साम्याचा. आटे आहेत, त्या अर्थी हा स्क्रू असला पाहिजे. दुसरा मार्ग यादीचा. सैन्याने छापलेल्या भागांच्या यादीत चित्र सापडले, चित्राखाली नाव सापडले, की ओळख पूर्ण झाली असे मानले जाते. हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत, आणि त्यांच्या अपुरेपणामुळे वस्तूंच्या इतिहासात व एका प्रसिद्ध इंग्रजी कवितेच्या टीकेत काही चुकीच्या समजुती रूढ झाल्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही चर्चा भाषेच्या विभागाच्या पत्रिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. सुट्या भागाची ओळख आणि हस्तलिखितातील अपरिचित शब्दाची ओळख या दोन क्रियांचे तर्कशास्त्र एकच आहे, हे एक कारण. दुसरे कारण असे की, या क्षेत्रातील बहुतेक गोंधळ मुळात शब्दांचा गोंधळ आहे. उदाहरणे ली-एन्फील्ड कुलातील रायफलींचीच घेतली आहेत. ब्रिटिश सैन्याने १८९५ साली स्वीकारलेली आणि तिच्या १८८८ मधील पूर्वरूपापासून जेम्स पॅरिस ली याच्या यंत्ररचनेवर आधारलेली ही रायफल भारतीय सैन्याच्याही हाती अर्धशतकाहून अधिक काळ होती. बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात तिची निर्मिती व दुरुस्ती दीर्घकाळ चालू राहिली. एकाच वंशाच्या इतक्या शाखा आणि इतक्या दुरुस्त्या क्वचितच दुसऱ्या रायफलीच्या वाट्याला आल्या असतील. चिकित्सेस याहून चांगली सामग्री मिळणे कठीण.

प्रथम नावांचा विचार करू. बंदुकीच्या भागांची नावे ठेवताना लोकभाषांनी प्राण्यांचा आश्रय घेतलेला दिसतो. दारू पेटविण्यासाठी आपटणारा जो भाग, त्याला इंग्रजीत आणि जर्मनीत कोंबडा म्हणतात, फ्रेंचमध्ये कुत्रा म्हणतात. स्पॅनिशमध्ये बोटाने ओढावयाच्या भागाचे नाव मांजरावरून पडले आहे. मराठीने यासाठी घोडा पसंत केला. पण मराठी बोलणारा मनुष्य घोडा हा शब्द कधी आपटणाऱ्या भागाला लावतो, तर कधी बोटाखालच्या चापाला. 'घोडा दाबला' आणि 'चाप ओढला' ही दोन वाक्ये व्यवहारात एकाच अर्थाने येतात. कोंबडा, कुत्रा, मांजर, घोडा ही नावे आकारसादृश्यातून किंवा कल्पनेतून जन्मली. पुढे यंत्र बदलले, नावे मात्र राहिली. ली-एन्फील्डमध्ये बाहेर दिसणारा आपटणारा कोंबडा उरलेलाच नाही. त्याचे काम बोल्टच्या पोटातील आघातदांडी करते. तरीही त्या दांडीच्या मागच्या टोकाचे अधिकृत नाव 'कॉकिंग पीस' असेच आहे. कोंबडा गेला, त्याच्या नावाचे क्रियापद मागे राहिले. ज्याने हे नाव वाचून त्या भागात आपटणाऱ्या घोड्याचा शोध घेतला, तो फसला.

सैनिकी याद्यांची भाषा आणखी एका कारणाने लक्षणीय आहे. तीत नाम आधी येते आणि विशेषण मागून, मध्ये स्वल्पविराम : 'स्विव्हल, पायलिंग', 'बोल्ट, लॉकिंग', 'स्क्रू, इजेक्टर'. ही मांडणी कोठारात माल लावणाऱ्या कारकुनाच्या सोयीची आहे. सर्व स्क्रू एका खणात, सर्व कड्या दुसऱ्या खणात. त्यामुळे वर्गीकरण आकाराप्रमाणे होते, कार्याप्रमाणे होत नाही. कोशकाराने अर्थ न पाहता शब्दांची रचना केवळ अंत्याक्षरावरून करावी, तसा हा प्रकार आहे. यादीचे तिच्या जागी मोल आहेच. पण ओळखीचा पुरावा म्हणून ती पुढे केली जाते, तेव्हा तिची मर्यादा लक्षात ठेवणे अगत्याचे ठरते.

'स्क्रू, इजेक्टर' हे याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण होय. रायफलीच्या धातूच्या मुख्य सांगाड्याच्या डाव्या भिंतीत एक बारीक स्क्रू असतो. तो काढून हाती घेतला तर कोणीही म्हणेल की, हा काहीतरी आवळण्यासाठी आहे. वस्तुतः तो काहीच आवळीत नाही. त्याचे टोक बोल्टच्या मार्गात किंचित डोकावते आणि मागे ओढल्या जाणाऱ्या रिकाम्या काडतुसाला ठोकर देऊन बाहेर फेकते. ठोकर देणारा भाग आणि तो भाग जागी ठेवणारा स्क्रू हे दोन्ही एकच आहेत. आकार स्क्रूचा, कार्य निराळे. सुटा सापडल्यास साम्याचा मार्ग येथे हमखास चुकतो. यादीचा मार्ग नाव देतो, परंतु त्याचे कार्य काय ते स्वतःहून सांगत नाही. तो भाग कोठे बसतो, त्याचे टोक कशाला भिडते आणि त्या टोकावर झीज कोणत्या बाजूस आहे, या तीन गोष्टी पाहिल्यावाचून ओळख पुरी होत नाही.

आता आरंभी उल्लेखिलेल्या तुकड्याकडे वळू. तो स्क्रू नाही. सांगाड्याच्या डाव्या बाजूस मागे बसणारी ती सुरक्षेची कळ आहे. सैनिक तिला सरसकट 'सेफ्टी' म्हणत. अधिकृत नाव मात्र 'लॉकिंग बोल्ट'. तिच्या आट्यांवर आणखी एक लहान तुकडा फिरतो आणि 'सेफ्टी कॅच' हे नाव यादीने त्या दुसऱ्या तुकड्याला दिले आहे. कळ मागे फिरविली की तिची दांडी कॉकिंग पीसला अडविते, आणि त्याच वेळी तिरक्या आट्यांमुळे तो लहान तुकडा आडवा सरकून बोल्टचे फिरणे बंद करतो. आटे इतके तिरके असण्याचे कारण हेच : पाव वळशाहून थोड्या अधिक फिरण्यात पुरेसे आडवे अंतर काटले गेले पाहिजे. जोडताना आट्यांचा आरंभ चुकला तर दोन्ही क्रियांचा मेळ बसत नाही, आणि कळ वरवर बंद दिसली तरी बोल्ट मोकळा राहू शकतो. म्हणजे येथे एका नावाच्या दोन वस्तू आहेत, एका वस्तूची दोन नावे आहेत, शिवाय 'बोल्ट' या शब्दाचा रायफलीच्या मुख्य बोल्टशी संकर आहे तो निराळाच. नावावरून भाग मागविणाऱ्याला चुकीचा भाग मिळावा, अशी जणू तजवीजच करून ठेवलेली आहे.

अंकांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. १९३९ मध्ये स्वीकारलेल्या क्रमांक ४ च्या रायफलीत बोल्टच्या तोंडाशी एक सुटे टोपण असते आणि त्यावर ०, १, २ किंवा ३ यांपैकी एक अंक ठोकलेला असतो. हा अंक अनुक्रमांक समजला जातो, कधी कारखान्याचा, तर कधी आवृत्तीचा. वास्तविक तो लांबीचा दर्शक आहे. अंक जितका मोठा, तितके टोपण किंचित लांब. काडतुसाचा बुंधा आणि टोपणाचा दर्शनी पृष्ठभाग यांमधील अंतर ठरावीक मर्यादेत राहावे म्हणून शस्त्रकारागीर मापनी लावून योग्य टोपण निवडीत असे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे परिचित वाटेल. एकाच पदिमाची चार रूपे, आणि कोणते रूप यावयाचे ते परिसराने ठरते. सुटे टोपण 'बरोबर' की 'चूक', हा प्रश्नच त्यामुळे गैरलागू आहे. ते कोणत्या नळीच्या, कोणत्या सांगाड्याच्या आणि कोणत्या बोल्टच्या संगतीत आहे, एवढेच विचारता येते. ही केवळ विद्वत्तेची बाब नाही. चुकीच्या संगतीतील टोपण घेऊन रायफल उडविल्यास काडतूस फुटून माणूस जखमी होऊ शकतो. ज्या भागांवर 'डी पी' ही अक्षरे ठोकलेली असतात, ते केवळ कवायतीसाठी राखून ठेवलेल्या रायफलीचे असतात, हेही अशाच कारणास्तव माहीत असावयास हवे.

ठशांचे वाचन हा या विद्येचा पुराभिलेखाचा भाग म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील कारखान्यांची नावे शत्रूस कळू नयेत म्हणून भागांवर सांकेतिक अक्षरे व अंक उठविले जात. आद्याक्षर 'एन', 'एम' किंवा 'एस' हे उत्तर, मध्य किंवा दक्षिण भाग सुचविणारे. 'एम ४७ सी' हा ठसा प्रतिमानाचा क्रमांक म्हणून वाचणारे लोक आढळतात. तो बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या कंपनीच्या शर्ली येथील कारखान्याचा संकेत आहे. भारतीय रायफलींवर मुकुटाखाली 'जी आर आय' ही अक्षरे दिसतात, त्यांतील शेवटचे अक्षर सम्राटपदाचे. प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. अशा ठशांना कालदर्शक म्हणून मोठे महत्त्व आहे. पण ते ज्या भागावर आहेत त्या भागापुरतेच. सांगाड्यावरील ठसा सांगाड्याचा काळ सांगतो, त्यात बसलेल्या टोपणाचा सांगत नाही. दस्त्यात बसविलेली पितळी चकती तर सर्वांत कमी विश्वासार्ह. तिच्यावर पलटणीचे संक्षिप्त नाव व क्रमांक असतो, त्यामुळे संग्राहकांस तिचे विलक्षण आकर्षण. परंतु ती एका स्क्रूवर बसते आणि अर्ध्या मिनिटात बदलता येते. हस्तलिखिताच्या पुष्पिकेवर सर्वस्वी विसंबून पोथीचा काळ ठरविणाऱ्यास आपण जे म्हणू, तेच चकतीवर विसंबणाऱ्यास म्हणावे लागेल.

आतापर्यंत जे भाग हाती असतात त्यांचा विचार केला. माझ्या मते अधिक महत्त्वाचा विचार आहे तो नसलेल्या भागांचा. पाणिनीने लोप ही संज्ञा केवळ अभावासाठी योजिलेली नाही. जेथे काही असावयास हवे होते तेथे ते न दिसणे, हा लोपाचा आशय आहे. म्हणून लोपाला स्थान असते, आणि लोप झालेल्या वर्णाचे कार्यही कधी कधी चालू राहते. १९१६ च्या जानेवारीत मंजूर झालेली 'मार्क ३ तारांकित' ही रायफल म्हणजे लोपाचा एक हुकूमच होय. युद्धासाठी लक्षावधी रायफली हव्या होत्या. कारखान्यांचा वेळ वाचविण्यासाठी पूर्वीच्या 'मार्क ३' मधील काही भाग वगळण्यात आले. त्यांत दूर पल्ल्याची दर्शनी होती. पुढच्या लाकडाच्या डाव्या बाजूस तबकडी व काटा, मागे सुरक्षेच्या कळीजवळ भोक असलेली उभी पट्टी, अशी ती जोडी. तबकडीवरील आकडे २८०० यार्डांपर्यंत जात. इतक्या दुरून एका माणसावर नेम धरावयाचा नव्हता. साऱ्या पलटणीने एकदम गोळ्यांचा वर्षाव करून दूरचा जमाव विस्कटावयाचा, अशी ती कल्पना. मशीनगनने ती कल्पना निरर्थक केली. दुसरा लोप मॅगझिनवरील आडव्या झाकणपट्टीचा. ही पट्टी आत ढकलली की मॅगझिनमधील दहा काडतुसे राखीव राहत आणि सैनिकाने एकेक काडतूस हाताने घालून गोळी झाडावी लागे. सैनिकाच्या हाती जलद गोळीबाराचे साधन देऊन त्याच वेळी त्याचा वापर रोखण्याची ही युक्ती, लष्करी काटकसरीच्या मनोवृत्तीचा एक मासला म्हणून स्वतंत्रपणे लिहिण्याजोगी आहे.

हे भाग गेले. त्यांच्या जागा मात्र बऱ्याचदा राहिल्या. कोठे सांगाड्याच्या उजव्या बाजूस झाकणपट्टीची फट आहे, पट्टी नाही. कोठे लाकडात तबकडीची बैठक लाकडाच्याच तुकड्याने बुजविलेली दिसते. मराठीत 'घरी', 'दारी', 'सकाळी' या रूपांतून जुनी सप्तमी शिल्लक आहे, पण आज कोणत्याही नामाला ती विभक्ती लावता येत नाही. रिकाम्या फटीचा प्रकार असाच. त्या फटीला आज कार्य नाही. परंतु ती पूर्वस्थितीची साक्ष देते. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मंजुरीची तारीख ही हुकुमाची तारीख होय. कारखान्यात शिल्लक असलेला माल एका दिवसात संपत नाही, आणि दुरुस्तीच्या कोठीत तर जुने व नवे भाग वर्षानुवर्षे एकत्र नांदतात. रेनॉल्ड्झ यांचा १९६० सालचा इतिहास किंवा स्केनर्टन यांचा १९९३ सालचा बृहद्ग्रंथ यांची मांडणी प्रतिमानांच्या अनुक्रमाने आहे. त्यांच्या परिश्रमांपुढे कोणीही नतमस्तक व्हावे, पण असा ग्रंथ हाती घेणारा वाचक प्रत्येक रायफल कुठल्या तरी एका प्रतिमानाची शुद्ध प्रत असलीच पाहिजे असे गृहीत धरू लागतो. दोन प्रतिमानांची लक्षणे एकत्र दिसली की तो तिला 'चुकीची' ठरवितो. बोलीचे नमुने गोळा करणाऱ्या अभ्यासकाने व्याकरणाच्या पुस्तकात न बसणारे वाक्य अशुद्ध म्हणून टाकून द्यावे, तसे हे झाले.

लोप झालेला तिसरा भाग तुलनेने क्षुल्लक आहे, आणि इंग्रजी काव्याने त्याला अमर केले आहे. तो म्हणजे पायलिंग स्विव्हल. नळीच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या टोपीस पुढील बाजूने ही लहान कडी लटकत असे. पट्टा अडकविण्याच्या कड्या पूर्ण बंद असतात. हिला मात्र फट असते. त्या फटीतून एका रायफलीची कडी दुसरीत गुंतवून तीन किंवा अधिक रायफली तिकाटण्यासारख्या उभ्या करावयाच्या, एवढेच तिचे काम. कडी बंद की फटीची, एवढे पाहिले तरी सुट्या कडीची ओळख पटते. युद्धकाळात ही कडी कित्येक रायफलींना बसविलीच गेली नाही. टोपीवरचा कान आणि त्यातले भोक मात्र अनेकदा तसेच राहिले.

हेन्री रीड हा १९४१ साली सैन्यात भरती झाला आणि काही काळ ऑर्डनन्स कोअर या दलात होता. शस्त्रे व त्यांचे सुटे भाग यांची कोठारे सांभाळणारे हे दल. त्याची 'नेमिंग ऑफ पार्ट्स' ही कविता ऑगस्ट १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे १९४६ च्या संग्रहात आली. कवायतीचा शिक्षक नवशिक्यांना रायफलीचे भाग नावानिशी दाखवितो आहे आणि ऐकणाऱ्याचे मन शेजारच्या बागांतील फुलांकडे व मधमाश्यांकडे जात आहे, असा तिचा विषय. टीकाकारांनी तिची चर्चा सामान्यतः दोन अंगांनी केली आहे. एक, यंत्र विरुद्ध निसर्ग. दोन, बोल्ट, स्प्रिंग इत्यादी शब्दांतील शृंगारिक श्लेष. शिक्षक पायलिंग स्विव्हलचे नाव घेतो आणि लगेच सांगतो की, ती यांच्या रायफलींना नाही. या स्थळी पोचल्यावर टीकाकार तिला सरळ मानवी जीवनातील उणिवेचे प्रतीक करून मोकळे होतात.

प्रतीकाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती घाईला. त्या ओळींत तीन कड्या येतात आणि तिघींची अवस्था भिन्न आहे. पट्ट्याच्या कड्या आहेत, पण पट्टे अद्याप मिळालेले नाहीत, म्हणून त्यांचा उपयोग पुढे कळावयाचा आहे. तिसरी कडी तर मुळातच नाही. म्हणजे भाग आहे व कार्य नाही, अशी एक अवस्था. आणि नाव आहे व भागच नाही, अशी दुसरी. ज्याने कधी रायफलीच्या तोंडाशी ते रिकामे भोक पाहिले आहे, त्याला कवीच्या शिक्षकाचे वाक्य विनोदाच्या आधी वस्तुस्थिती म्हणून ऐकू येते. डंकर्कनंतरच्या ब्रिटनमध्ये रायफलींची टंचाई होती आणि अशी वाक्ये खरोखर बोलली जाण्यासारखी होती. धडा जुन्या यादीचा, हातातली वस्तू नव्या हुकुमाची. शिक्षक यादी वगळू शकत नाही, कारण यादी त्याला पाठ आहे. कवितेतील वेदना मला या विसंगतीत दिसते. मुलांना नावांचे असे एक तंत्र शिकविले जात आहे, ज्यातील पदे त्यांच्या अनुभवात कोठेच बसत नाहीत, आणि त्याच तंत्राच्या आधारे त्यांना माणसे मारावयास जावयाचे आहे. फुले व मधमाश्या यांच्या बाबतीत उलटे घडते. तेथे प्रत्येक गोष्ट आपल्या जागी आहे, आपले काम करीत आहे, आणि नाव सांगण्याची कोणास गरज वाटत नाही.

स्प्रिंगवरील श्लेषाबाबतही असेच. रायफल रिकामी केल्यावर बोल्ट पुढे नेऊन चाप ओढावयाचा आणि आतील कमानीवरचा ताण उतरवावयाचा, यासाठी 'ईझ स्प्रिंग्ज' हा इंग्रजी कवायतीतला खराखुरा हुकूम होता. कवीने तो शोधून काढलेला नाही, ऐकलेला आहे. श्लेषाचे श्रेय कमी होत नाही. उलट भाषेत आधीच पडून असलेला श्लेष उचलण्याची त्याची दृष्टी दिसते. मराठी अनुवादकाची मात्र येथे पंचाईत आहे. स्प्रिंगला आपल्याकडे कमान हा चांगला जुना शब्द आहे, पण कमानीतून धनुष्य निघेल, देवळाचे द्वार निघेल. वसंत काही केल्या निघावयाचा नाही.

शेवटी जीर्णोद्धाराचा प्रश्न. मूळ रूप परत आणण्याच्या हौसेने अनेक संग्राहक रायफलीवरील रिकाम्या जागा भरून काढतात. दूर पल्ल्याच्या दर्शनीची नक्कल करून बनविलेले भाग विकत मिळतात. ते बसविले, लाकडातील बुजवणूक काढली, झाकणपट्टी सरकविली, की १९१५ ची रायफल तयार. या कृत्याला कोणी प्रामाणिक म्हणेल, कारण फसविण्याचा हेतू नसतो. तथापि परिणाम प्रक्षेपाचाच असतो. सुखटणकरांनी भांडारकर संस्थेत महाभारताच्या संपादनाचे काम १९२५ पासून पाहिले आणि १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्याची तत्त्वे मांडली. कत्र्यांनी १९४१ मध्ये भारतीय पाठचिकित्सेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या परंपरेत वाढलेल्या विद्यार्थ्यास निराळे सांगण्याची गरज नाही की, पाठभेद नोंदवावयाचे असतात, पुसावयाचे नसतात, आणि संपादकाने सुचविलेली दुरुस्ती हस्तलिखिताच्या पानावर शाईने लिहावयाची नसते. पोथीची पुन्हा प्रत काढता येते, रायफलीची येत नाही. तिच्यावर केलेली प्रत्येक दुरुस्ती एकमेव प्रतीवर केलेली दुरुस्ती असते. म्हणून येथे संयम अधिकच हवा.

ईशापूरचा स्क्रू या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. भारतात दुरुस्त झालेल्या अनेक रायफलींच्या पुढच्या लाकडात, मॅगझिनच्या पुढल्या भागात, आडवा एक स्क्रू आरपार घातलेला दिसतो. लाकूड उकलू नये म्हणून केलेला हा उपाय. 'ईशापूर स्क्रू' हे नाव संग्राहकांनी पाडले. मात्र या नावाने एक चांगली गोष्ट केली, ती अशी की भागाचा संबंध स्थळाशी आणि दुरुस्तीच्या पद्धतीशी जोडला. परंतु परदेशी बाजारात हाच स्क्रू दोष मानला जातो आणि तो काढून, भोक बुजवून रायफल 'शुद्ध इंग्रजी' करून विकण्याचा मोह होतो. इंग्लंडात बनलेली, भारतात आलेली, येथील हवेत लाकूड कमजोर झालेली आणि येथील कारागिराने सांधलेली अशी ती वस्तू असते. तिच्या आयुष्यातील भारतीय प्रकरण एवढ्या एका स्क्रूने लिहिलेले असते, आणि तेच फाडून टाकण्याला जीर्णोद्धार म्हणतात.

याहून विपरीत उदाहरण लाकडाच्या ठोकळ्याचे. भारतातील काही जुन्या रायफलींच्या मॅगझिनच्या जागी लाकूड ठोकून बसविलेले आढळते. वरवर पाहणाऱ्यास वाटते की, मॅगझिनचे काम बिघडले आणि कोणा गावच्या सुताराने डागडुजी केली. पण रायफलीची नळी तपासली, तर ती ०.३०३ इंचाची नसून ०.४१० ची, आणि आतून गुळगुळीत, असे दिसून येते. या पोलिसांसाठी व पहारेकऱ्यांसाठी रूपांतरित केलेल्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या बंदुका होत. ठोकळा सरकारी आहे आणि हेतुपुरस्सर आहे : शस्त्र हिसकावून घेतले गेले तरी त्याने भराभर गोळीबार करता येऊ नये. १९१६ मध्ये गेलेली झाकणपट्टी सैनिकाच्या हाताला जेवढा आवर घालीत होती, त्याहून पक्का आवर हा ठोकळा घालतो. सूचीत अशा नमुन्याची नोंद करताना 'मॅगझिन नाही' असे लिहून चालणार नाही. नळीचे माप, ठोकळ्याचे स्थान, तो कशाने बसविला आहे, आणि सांगाड्यावरील झाकणपट्टीची फट अजून उघडी आहे किंवा नाही, या चार गोष्टी नोंदवाव्या, आणि ठोकळा बाहेर काढू नये.